जुन्या आउटबोर्डला कुठला पंखा घ्यावा: ११ पिच की १२, अॅल्युमिनियम की स्टील

मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यात अजून कितीतरी फायबर होड्यांवर ४० एचपीची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेली इंजिनं, चालतायत, आणि पंखा (प्रोपेलर) बदलायची वेळ आली की बहुतेकजण जुन्या पंख्यावरचा नंबर वाचून दुकानात तोच मागतात. तो नंबर मशीन नवीन असताना बरोबर होता हो, पण आता सिलिंडर घासलेत, रिंगा झिजल्यात, ४० चं मशीन खरे ४० एचपी देत नाही, त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की आधी एक इंच कमी पिचचा पंखा लावून बघा.

पंख्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात, पाण्यात अजिबात न घसरता, पंखा किती पुढे गेला असता ते अंतर. यामाहाच्या ४० एचपीला बसणाऱ्या पंख्यांत ११ ३/८ x १२ आहे, ११ ५/८ x ११ आहे, आणि जड कामासाठी १२ १/४ x ९ पण आहे, म्हणजे पिच कमी होत जातो तसा व्यास वाढतो. आकड्यांपुढचं अक्षर बघायला विसरू नका, पंखा कुठल्या सिरीजच्या शाफ्टला बसतो ते त्यावरून कळतं.

आता ११ आणि १२ ची तुलना. समजा मशीन ५००० आरपीएमवर (मिनिटाला ५००० फेरे) आहे आणि गिअर २:१ आहे, तर पंखा मिनिटाला २५०० फेरे मारणार, कागदावर १२ पिचला साधारण २४.७ नॉट (होडीच्या वेगाचं माप) येतात आणि ११ ला २२.६. हे बघून सगळे १२ कडे वळतात, पण थकलेलं मशीन १२ वर ५००० ला पोचतच नाही ना, ते ४३०० ला दबून राहतं आणि पर्यटक भरलेली होडी पाण्यावर उचलतच नाही. पिच एक इंचाने उतरवला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, होडी लवकर उचलते आणि प्रत्यक्षातला वेगाचा फरक एखाद्या नॉटचाच राहतो. मला तरी तो नॉट सोडून द्यायला काहीच वाटत नाही, कारण फुल थ्रॉटलला दबून चालणारं टू-स्ट्रोक आतून तापतं, कार्बन धरतं आणि शेवटी पिस्टनवर येतं. अशा मशीनची फुल थ्रॉटलची रेंज साधारण ४५०० ते ५५०० असते, तरी तुमच्या मॅन्युअलमध्ये बघाच. आरपीएम दाखवणारा मीटर नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅको मिळतो, तो लावा आणि ट्रायल नेहमीच्या लोडवर घ्या, रिकाम्या होडीवर घेतलेल्या ट्रायलचा उपयोग नाही. उलट बाजूनेही सांभाळायचं, कमी पिचवर रिकामी होडी परत आणताना मशीन रेंजच्या वर पळू शकतं, तिथे थ्रॉटल मागे घ्यायचा.

पण पंख्यावर पैसे घालायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करून घ्या, दोन सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर आधी मशीनचं काम करा, आणि होडीचा तळ शेवाळ आणि बार्नेकलने (तळाला चिकटणाऱ्या शिंपल्यांनी) भरलाय का तेही बघा. अजून एक, आरपीएम एकदम चढतात पण होडी पुढे सरकत नाही असं होत असेल तर बऱ्याचदा पंख्याच्या आतला रबरी बुश सुटलेला असतो, तिथे पिचचा काही संबंध नाही.

स्टील की अॅल्युमिनियम, यात जुन्या मशीनसाठी मी अॅल्युमिनियमच सांगेन. स्टीलचं पातं पातळ आणि ताठ असतं, वाकत नाही, पाणी चांगलं धरतं हे सगळं खरंय, पण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत किंवा कर्ली नदीच्या मुखाशी वाळूत पंखा लागला की अॅल्युमिनियमचं पातं वाकतं किंवा तुटतं आणि बराचसा धक्का तिथेच जिरतो, स्टीलचं पातं वाकत नाही म्हणून धक्का शाफ्ट आणि गिअरकडे जास्त जातो, आणि जुन्या मशीनचे गिअर आज शोधायला गेलात की कळेल किती फिरावं लागतं. शिवाय खाऱ्या पाण्यात स्टीलच्या पंख्यामुळे मशीनच्या खालचं अॅल्युमिनियमचं गिअरचं घर जास्त गंजून खाल्लं जातं, झिंकवर (घराऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावर) सतत लक्ष ठेवावं लागतं. खोल पाण्यातच चालवत असाल आणि मशीन दमदार असेल तर स्टील घ्या, बाकीच्यांनी नको.

चार पात्यांचा पंखा ज्यांची होडी कायम भरलेली असते त्यांच्यासाठी, पकड चांगली, थरथर कमी, टॉप स्पीड थोडा जातो आणि पिच अजून एक इंच कमी धरावा लागतो. हलक्या होडीला तीन पाती पुरतात.

जुना पंखा रिपेअर करायचा का? पात्याची कड वाकली असेल तर सरळ करून घेता येते. मोठा तुकडा जोडून वेल्डिंग केलेल्या पंख्याचा बॅलन्स बिघडला तर थरथर थेट सील आणि बेअरिंगवर जाते, म्हणून तिथे मी नवीनच घेईन.

बसवताना शाफ्टवरची अडकलेली जाळ्याची तंगूस (नायलॉनचा दोरा) आधी साफ करा, ती सील कापते, पाणी आत शिरतं आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं, मग वॉटरप्रूफ ग्रीस लावा, वॉशर होते त्याच क्रमाने घाला आणि कॉटर पिन दरवेळी नवीन टाका. उतरवलेला पंखा चालण्यासारखा असेल तर टाकू नका, नट, पिन आणि पान्यासोबत होडीतच स्पेअर म्हणून ठेवा.