प्राट: आवाज मोजणारं फुकट सॉफ्टवेअर, स्वतःला शोधणाऱ्या ट्रान्स बाईच्या नजरेतून

आधीच सांगते, प्राट हे ट्रान्स लोकांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर नाही. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते ध्वनिशास्त्रवाल्यांसाठी तयार केलं, पूर्ण फुकट, ओपन सोर्स, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. तरी आवाजावर काम करणाऱ्या ट्रान्स बायकांमध्ये याचं नाव सारखं निघतं, मी पण बराच काळ वापरतेय, आणि हे लिहितेय ते खास त्यांच्यासाठी ज्यांचं अजून "मी नक्की कोण" हेच चालू आहे, कुणाला काही सांगितलेलं नाही, हार्मोन्स वगैरे तर फार लांब.

अशा वेळी आवाज ही करून बघायला सगळ्यात सोपी गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे. कपडे घेतले तर लपवायचे कुठे हा प्रश्न, केस वाढवले तर घरचे विचारणार, पण दार लावून पाच मिनिटं वेगळ्या आवाजात बोलून बघितलं तर कुणाला कळत नाही आणि नाही पटलं तर परत होते तसे. प्राटला इंटरनेट लागत नाही, अकाउंट काढावं लागत नाही, आणि तुम्ही स्वतः सेव्ह केल्याशिवाय रेकॉर्डिंग फाइल म्हणून राहत नाही, प्रोग्राम बंद केला की गेलं. ज्यांचा कॉम्प्युटर घरात सगळे वापरतात त्यांना हे किती महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

दिसायला जुनाट आहे. उघडलं की दोन खिडक्या येतात, त्यातली पिक्चरवाली सरळ बंद करा, आपल्याला लागत नाही. दुसरीत न्यू मध्ये जाऊन रेकॉर्ड मोनो साउंड, बोला, सेव्ह टू लिस्ट (म्हणजे फक्त यादीत येतं, डिस्कवर नाही), मग व्ह्यू अँड एडिट. रेकॉर्डिंग लांबलचक असेल तर झूम करा नाहीतर रेषाच दिसत नाहीत आणि माणूस वैतागून सोडून देतो.

निळी रेष म्हणजे पिच, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा थरथरतात ते, हर्ट्झमध्ये. पुरुषांचा बोलण्याचा पिच साधारण ८५ ते १५५ आणि बायकांचा १६५ ते २५५ असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि फोनवरची काही अ‍ॅप्स तेवढ्यावरून स्क्रीनवर निळा पट्टा आणि गुलाबी पट्टा काढून मोकळी होतात, रेष निळ्यात गेली की तुम्ही पुरुष. जिला अजून स्वतःबद्दल बोलायला शब्द सापडत नाहीयेत तिने हे रोज बघायचं? मला याचा खरंच राग येतो. प्राट असलं काही करत नाही. ते फक्त आकडा दाखवतं, तुम्ही कोण हे सांगायला जात नाही, आणि मला ते यासाठीच आवडतं.

शिवाय नुसता पिच चढवून काही होत नाही. पिच २०० च्या वर नेऊनही आवाज बारीक आवाज काढणाऱ्या पुरुषाचा वाटू शकतो, आणि १६० च्या आसपास बोलणारी बाई फोनवर बाईच वाटते, कारण खरी गंमत रेझोनन्समध्ये आहे. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी पुरुषांमध्ये साधारण १७ सेंटिमीटर असते, बायकांमध्ये १४-१५, नळी छोटी की आवाजाचा घुमारा वर जातो. प्राटमध्ये लाल ठिपक्यांच्या ओळी दिसतात त्या याच घुमाऱ्याच्या जागा, त्यांना फॉर्मंट्स म्हणतात. १९५२ साली पीटरसन आणि बार्नी यांनी अमेरिकन इंग्लिशवर मोजमापं केली होती, त्यात लांब ई चा दुसरा फॉर्मंट पुरुषांमध्ये सरासरी २२९० हर्ट्झ आणि बायकांमध्ये २७९० आला. म्हणजे तोच ई, पण जागा वेगळी. आणि ही जागा सरावाने हलवता येते, स्वरयंत्र थोडं वर, जीभ थोडी पुढे. मोठ्या कुत्र्यासारखी धाप टाका मग छोट्या कुत्र्यासारखी, घशात काय हललं ते जाणवेल, हा व्यायाम आवाज शिकवणारे सर्रास देतात. मग तोच बदल धरून ई म्हणा आणि लाल ठिपके कुठे गेले बघा.

आता एक सेटिंग. फॉर्मंट सीलिंग, म्हणजे किती हर्ट्झपर्यंत फॉर्मंट्स शोधायचे ती वरची मर्यादा, डिफॉल्टला ५५०० असतं आणि प्राटच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की हे प्रौढ बाईसाठी, पुरुषासाठी ५००० ठेवा. मला तो ५५०० खोडून ५००० टाकायला फार जड गेलं, बोटं की-बोर्डवर तशीच राहिली होती. पण हे नळीच्या लांबीबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. सुरुवातीला ५००० वरच ठिपके नीट बसतील, चुकीच्या सेटिंगवर ते वेडेवाकडे उडतात आणि मग प्रगती कळत नाही.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती आकड्यांमध्ये नव्हतीच. मराठीत स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं म्हटलं तरी मी आलो की आले ठरवावंच लागतं, पळवाट नाही. मी एका रात्री रेकॉर्ड केलं, "आज उशिरा पोचले, खूप दमले, आता झोपते". आवाज जुनाच होता, पिच जुनाच, काही प्रयत्न केला नव्हता. परत ऐकलं आणि छातीतलं काहीतरी सैल झालं, मग परत परत ऐकत बसले. याला जेंडर युफोरिया म्हणतात हे नंतर कळलं. लोकांना वाटतं ट्रान्स असणं म्हणजे लहानपणापासून रोज आरशाचा तिरस्कार, तसं काहींचं असतं, पण काहींना दुःख ओळखू येत नाही (सवय झालेली असते ना), आनंद झाला की मग कळतं आधी काय नव्हतं ते. त्यामुळे माझी विनंती आहे की पहिल्या रेकॉर्डिंगला निळी रेष बघूच नका, डोळे मिटून ऐका.

आणि नाही वाटलं काही, तरी त्यातून तुम्ही ट्रान्स नाही असं ठरत नाही. कितीतरी ट्रान्स बायका आवाजाला हातच लावत नाहीत आणि त्या पूर्ण बायकाच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणामध्येसुद्धा, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, जेंडर इनकाँग्रुअन्स (जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग न जुळणं) मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलंय आणि व्याख्येत बघतात ते माणसाला स्वतःला सातत्याने काय जाणवतं ते. हर्ट्झ तिथे कुठे नाहीत.

कमतरता आहेत. आवाज खरखरीत निघाला की पिचची रेष तुटते किंवा एकदम निम्म्यावर जाते, तो हिशोबाचा घोळ असतो, घाबरू नका. घसा ताणला जातोय हे प्राटला कळत नाही, दुखलं की थांबायचं हे तुम्हालाच बघावं लागतं, आणि जमत असेल तर ट्रान्स लोकांसोबत काम केलेल्या स्पीच थेरपिस्टकडे जा, कान असलेला माणूस जे सांगतो ते कुठलाही आलेख सांगत नाही. आणि हार्मोन्सने आवाज आपोआप बारीक होईल म्हणून कुणी थांबलं असेल तर तसं होत नाही, वयात येताना टेस्टोस्टेरॉनने जाड झालेले स्वरतंतू इस्ट्रोजेनने परत पातळ होत नाहीत. ऑपरेशनने पिच वाढतो पण रेझोनन्स तिथेच, सराव कुणाला चुकत नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण नवख्या माणसाला हात धरून नेणारं त्यात काही नाही, हेल्पमध्ये इंट्रो आहे ते चांगलं आहे पण ते अभ्यासकांसाठी. पहिल्या आठवड्यात फक्त आ आणि ई धरा, एका वेळी दहापंधरा मिनिटं, आणि मोबाइलचा साधा हेडफोनवाला माइक चालतो, नवीन काही विकत घेऊ नका.