कॉन्व्हेंटच्या जुन्या दगडी भिंती: चुना की सिमेंट?

कोल्हापुरातल्या ओळखीच्या एका सिस्टरना प्रश्न पडलाय: कॉन्व्हेंट शाळेच्या जुन्या भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, कशानं भरायच्या?

खर्चात आणि वेळेत सिमेंट पुढे. कुठलाही गवंडी भरतो, सुट्टीत काम उरकतं. चुना मुरवा, मळा, भरल्यावर कित्येक दिवस ओला ठेवा. शिवाय जाणता गवंडी शोधणं आलंच.

टिकाऊपणाचं मात्र उलटं आहे. आपल्याकडचा पाऊस भिंतीत मुरतोच. चुन्याच्या दरजेतून ती ओल बाहेर पडते. सिमेंट तिला आत कोंडतं. मग गिलाव्याला लोणा (क्षारांचा पांढरा थर) येतो, पोपडे सुटतात, भिंतीतली तुळयांची टोकं कुजतात. आणि पुढे सिमेंट काढायला छिन्नी लावली की दगडाची कडच उडते. १८८४ चा नवा राजवाडा जवळून बघा, काळ्या दगडाच्या घडीव कडा हेच त्याचं रूप आहे. ते एकदा गेलं की गेलं.

मूळ भिंती, कमानी, प्रार्थनाघर यांना चुनाच, तोही पावसाळ्याआधी पुरेसा वेळ ठेवून. नवं स्वच्छतागृह, कंपाउंड, आरसीसीचे वर्ग यांना सिमेंट खुशाल वापरा. पैसे कमी असतील तर वर्षाला एकच भिंत घ्या, पश्चिमेची आधी, पावसाचा मारा तिलाच जास्त.