महालातलं जुनं घर आणि चुन्याचा मिस्त्री

नागपूरच्या महाल भागातलं आमचं घर आजेसासऱ्यांच्या वेळचं. दीड फुटी भिंती, विटा चुन्यात बसवलेल्या. आधीच्या एका कंत्राटदारानं दोन खोल्यांत त्यावरच सिमेंट थापून पुट्टी घासली होती. पावसाळा सरेपर्यंत पोपडे हातात. म्हणून यावेळी चुन्याचं काम येणारा मिस्त्री शोधला. नाव लिहीत नाही, त्यांच्याकडे आधीच कामं तुंबली आहेत.

पावसाळ्याच्या तोंडावर पहिल्यांदा आले तेव्हा थापी पिशवीतून काढलीच नाही. वाकवलेल्या बोटांनी भिंत ठोकत फिरले, जिथं पोकळ वाजलं तिथं खडूनं गोल. खिडकीतल्या कूलरखालची भिंत तर गोलांनीच भरली. उन्हाळाभर ठिबकणारं पाणी तीच पिते, आपल्या नागपुरात हे घरोघरी. आधी कूलरचा स्टँड भिंतीपासून दूर करून घेतला, मगच पुढची बात.

जिन्याजवळच्या तिरप्या भेगेला मात्र हात लावेनात. "ताई, ही जिती हाय का मेली, ते पाहू द्या आधी." भेगेवर आडवी पीओपीची पट्टी थापली, त्यावर पेन्सिलीनं तारीख. बाकी भेगांवरच्या पट्ट्या पावसाळाभर शाबूत राहिल्या, जिन्याजवळची मधोमध तडकली, म्हणजे ती भेग अजून हलत होती. कारण बाहेर होतं: गच्चीचा पाइप थेट पायाशी सुटत होता. काळी माती पाण्यानं फुगते, सुकली की आकसते, आणि भिंत तिच्यामागं. पाइप नालीपर्यंत नेल्याशिवाय त्यांनी ती भेग भरली नाही.

दिवाळीनंतर खरं काम. मुरवलेला चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, कन्हान नदीची रेती, थोडं गुळाचं पाणी. भेग छिन्नीनं रुंद करायची, धूळ ब्रशनं काढायची, पाणी मारायचं आणि पातळ थरांत भरायचं. एक थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा नाही. वरून ओली पोती. सिमेंट का नको, तर ते या विटांपेक्षा कडक, भिंतीतली ओल आत कोंडतं आणि शेवटी स्वतःच सुटून येतं.

मागच्या खोलीचा स्लॅब नंतरचा, त्याचे खपले पडून गंजलेल्या सळया दिसत होत्या. गिलावा मारून पैसे घेता आले असते. "हे माह्यं काम नोहे, इंजिनिअरला दाखवा," म्हणून मोकळे झाले. माझ्या लेखी पाचातला एक तारा याच वाक्याचा.

कापला तोही एकच. फोन उचलत नाहीत, मध्येच दुसऱ्या साइटवर गायब होतात, आणि स्विचबोर्डाच्या कडा ओबडधोबड सोडल्यात. त्या कडा इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घ्याव्या लागल्या. खर्च सिमेंटच्या कामाच्या जवळपास दुप्पट. धुळीचं तर विचारूच नका, देवघरसुद्धा चादरीनं झाकावं लागलं. वरून ऑइल पेंट लावू देत नाहीत, चुन्याचीच सफेदी करायला लावतात. नणंदेला ती फिकी वाटते, मला आवडली.

बोलवायचं असेल तर पावसाळ्याआधी भिंती दाखवून ठेवा आणि काम थंडीत धरा. नागपूरच्या मे महिन्यात चुना घट्ट व्हायच्या आधीच सुकून तडकतो, त्या दिवसांत ते काम घेतच नाहीत.