दिल्लीत दोघांनी उतरायचं कुठे: जुन्या की नव्या?

खारघरची माझी मावसबहीण फेब्रुवारीत नवऱ्याबरोबर दिल्लीला निघाली आहे. चार रात्री, दोघंच, पहिल्यांदा. परवा फोन आला, "ताई, बुकिंग करायला बसलेय. चांदणी चौकात रूम घेऊ की कॅनॉट प्लेसला? एकच काय ते सांग." मी तासभर बोलत बसले. आम्ही दोन्ही करून बसलोय ना! पहिल्या खेपेला जुन्या दिल्लीत उतरलो, दुसऱ्या खेपेला नव्या. शिवाय ही दोन शहरं आमच्या घरातच नांदतात. माझं माहेर जुन्या ठाण्यातल्या नौपाड्याचं, नवरा आखीवरेखीव वाशीत वाढलेला. जांभळी नाक्यावर संध्याकाळी पाच मिनिटं चालवलं की त्याचा जीव गुदमरतो. आणि मला वाशीच्या सेक्टरांत लग्नाला वीस वर्षं झाली तरी पत्ता सापडत नाही. सगळे चौक एकाच आईची लेकरं.

तर, आधी हे की दोन्ही दिल्ली आखलेल्याच आहेत. शाहजहानने १६३९ साली लाल किल्ल्याचं काम सुरू केलं, १६४८ मध्ये ते पुरं झालं आणि किल्ल्यासमोर शाहजहानाबाद उभं राहिलं. चांदणी चौक त्याची मुलगी जहांआरा हिच्या कल्पनेतून आला. रस्त्याच्या मधून पाण्याचा पाट वाहायचा म्हणे. पुढे पावणेचारशे वर्षांत त्या आखणीवर माणसं इतकी दाटली की आखणी दिसेनाशी झाली. नवी दिल्ली तिच्या मानाने कालची पोर. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून हलवल्याचं जाहीर केलं, लुटियन्स आणि बेकर या इंग्रज वास्तुकारांनी ती बांधली, १३ फेब्रुवारी १९३१ ला तिचं उद्घाटन झालं. इंग्रजांना ती पुढे जेमतेम सोळा वर्षं वापरायला मिळाली.

आता मुक्काम. जुन्या दिल्लीत खोली स्वस्त मिळते आणि दारातून बाहेर पडलं की समोर दिल्ली. एवढ्यावर भुलून आम्ही चांदणी चौकात एका गल्लीतलं लॉज घेतलं. कल्याणहून राजधानी पकडली. ठाणेकरांना ही गाडी सोयीची, मुंबई सेंट्रल गाठायची कटकट नाही. संध्याकाळच्या सुमाराला बसायचं आणि सकाळी हजरत निजामुद्दीनला उतरायचं. रिक्षा करून साडेदहाला लाल किल्ल्याच्या तोंडाशी आलो, तर रिक्षावाल्याने तिथेच उतरवलं. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. लॉजवाल्यानेही नाही. मग काय, दोन चाकाच्या बॅगा ओढत निघालो. रस्ता आता लाल दगडाचा, छान केलाय, पण गल्लीत वळल्यावर फरशी, गटाराची जाळी, हातगाडी, गाय असं सगळं एकामागून एक. दुसऱ्याच वळणावर माझ्या बॅगेचं चाक निघून घरंगळत एका साडीच्या दुकानात गेलं. दुकानदाराने ते उचलून, पुसून, हातात दिलं आणि वर साड्या बघायला बसवलं. खोलीला खिडकी नव्हती. म्हणजे होती, पण ती जिन्यात उघडत होती.

दुसऱ्या खेपेला कॅनॉट प्लेसपासून चालत दहा मिनिटांवर राहिलो. भाडं जवळजवळ दुप्पट पडलं, पण खिडकीबाहेर कडुनिंब होता. विमानाने गेलात तर विमानतळाची वेगळी मेट्रो तिसऱ्या टर्मिनलवरून वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला आणते. खारघरवाल्यांना आता आपल्याकडचा विमानतळही आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडायला लागली, सांताक्रूझपर्यंतची वारी टळते. आणि मुख्य गोष्ट ही की राजीव चौकातून, म्हणजे कॅनॉट प्लेसच्या मेट्रो स्टेशनातून, पिवळ्या लाइनवर बसलं की चांदणी चौक तिसरं स्टेशन. नवी दिल्ली, चावडी बाजार, चांदणी चौक. नेरूळहून जुईनगर, सानपाडा, वाशी करतो ना, तेवढंच. एवढ्याशा अंतरासाठी जिन्यातल्या खिडकीत झोपण्यात काही अर्थ नाही, असं माझं मत झालंय. पहाडगंज हा मधला पर्याय लोक सुचवतात, स्टेशनला लागून आणि स्वस्त. पण तिथे रूम ऑनलाइन फोटोवर घेऊ नका. आधी एक रात्र घ्या, बघा, मग पुढचं ठरवा.

पण मुक्काम नव्या दिल्लीत केला म्हणून दिवसही तिथेच घालवू नका. इथेच बहुतेक जोडपी चुकतात. तीन दिवस रुंद रस्त्यांवर टॅक्सीने फिरतात आणि जुन्या दिल्लीला एका दुपारची सायकल रिक्षा देतात.

चालण्याचा हिशेब बघा. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा चांदणी चौक साधारण सव्वा किलोमीटर. विजय चौक ते इंडिया गेट, म्हणजे कर्तव्य पथ, दोन किलोमीटरच्या वर. पहिल्याला आम्हाला पाच तास लागले, दुसऱ्याला पाऊण तास. चांदणी चौकात सुरुवातीलाच लाल जैन मंदिर, त्याच्या आवारात जखमी पक्ष्यांचं रुग्णालय. थोडं पुढे गुरुद्वारा सीसगंज साहिब. गुरू तेगबहादूर यांचा १६७५ मध्ये इथेच शिरच्छेद झाला. आत कीर्तन चालू होतं, बाहेर जिलबीची कढई. वाटेत दरीबा कलानची चांदीची दुकानं. तिथे मी पैंजण बघत होते आणि दुकानदार वजन करायच्या आधी तराजूच्या पारड्यावर फुंकर मारत होता. नवऱ्याने हळूच विचारलं, "धूळ काढतोय की वजन घालतोय?" घेतले नाहीत. अजून चुटपुट आहे.

आणि खारी बावली, मसाल्यांचा घाऊक बाजार. वाशीच्या एपीएमसीचं मसाला मार्केट ज्याने बघितलंय त्याला वाटेल, त्यात काय एवढं. तसंच मलाही वाटलं होतं. पण आपल्याकडे ट्रक, फलाट, गाळे असा मामला आहे. तिथे जुन्या वाड्यासारख्या इमारतीच्या अरुंद जिन्यावरून हमाल डोक्यावर मिरचीचं पोतं घेऊन चढतात. त्या जिन्यात सगळेच खोकतात, हमाल खोकतो, व्यापारी खोकतो, चहावाला पोऱ्या खोकतो, कुणी कुणाकडे बघत नाही. आम्ही पदराने नाक दाबून वर गच्चीवर पोचलो तेव्हा दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. खाली चौकात पोती, वर पतंग, मागे फतेहपुरीचा घुमट. वाशीकर नवरा पहिल्यांदा म्हणाला, "इथे परत यायला हवं."

लाल किल्ल्यात दीवान-ए-खासपाशी थोडं थांबा. त्याचं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवलं. फौजेला द्यायला पैसा नव्हता. शाळेत पानिपत शिकताना हे ओझरतं कानावर येतं, तिथे मान वर करून बघितलं की पोटात कसंतरी होतं. आपलं नाव या शहरात असंही आहे. नव्या दिल्लीतला मराठी माग वेगळा. १७३७ साली थोरले बाजीराव दिल्लीवर चालून आले तेव्हा मराठ्यांचा तळ तालकटोऱ्याच्या बाजूला होता, आणि त्याच तालकटोरा स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्षस्थानी तारा भवाळकर.

नव्या दिल्लीवर मी उगाच अन्याय करतेय असं वाटू नये म्हणून सांगते, तिथल्या काही गोष्टींना तोड नाही. इंडिया गेटवरून राष्ट्रपती भवनाकडे चालत निघा आणि घुमटावर नजर ठेवा. लांबून तो दिसतो, आणि रायसीना टेकडीच्या चढाजवळ पोचलात की हळूहळू खाली बुडायला लागतो. चढाचा उतार चुकला म्हणून लुटियन्स आणि बेकर यांचं चांगलंच बिनसलं होतं. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या मुख्य इमारतीची अशी फजिती बघायला मला फार आवडलं. राष्ट्रपती भवन आतून बघायचं तर आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. ३४० खोल्यांपैकी दाखवतात थोड्याच. तुमचा बेत फेब्रुवारीचा असेल तर अमृत उद्यान साधारण त्याच सुमाराला उघडतं, त्याचीही नोंदणी आधी.

नवी मुंबईकरांनी मात्र एक जागा चुकवू नये, आणि ती कुठल्याच टूरवाल्याच्या यादीत नसते. आपल्या शहराचा विचार ज्यांनी मांडला त्यांतले एक, वास्तुकार चार्ल्स कोरिया, यांच्या दोन इमारती इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कॅनॉट प्लेसच्या कडेची एलआयसीची जीवन भारती, काचेची आणि लाल दगडाची, १९८६ ची. आणि कस्तुरबा गांधी मार्गावरची ब्रिटिश कौन्सिल, १९९२ ची, दर्शनी भागावर वडाच्या पारंब्या पसराव्यात तसं काळं-पांढरं भित्तिचित्र. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आणि ही जीवन भारती एकाच माणसाच्या डोक्यातून आली हे कळल्यावर नवरा रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर दहा मिनिटं उभा होता. पोलिसाने हटकलं तेव्हा हलला.

त्याच कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे. चौथ्या दिवशी पनीरचा वीट येतो, तेव्हा वरणभाताची सोय लक्षात ठेवा. बाकी खाण्याच्या बाबतीत मी सरळ पक्षपाती आहे. कॅनॉट प्लेसला जे मिळतं ते सीवूड्सच्या मॉलमध्येही मिळतं. जुन्या दिल्लीत हिवाळ्याच्या सकाळी दौलत की चाट मिळते, दुधाचा फेस रात्रभर थंडीत ठेवून घुसळलेला, वर केशर आणि खवा. चमचा घातला की काहीच लागत नाही आणि तोंडात गोडी राहते. दुपारी शोधत गेलात तर मिळणार नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. नव्या दिल्लीत एकच जेवण त्या तोडीचं, बंगला साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर. त्याला पैसे नाहीत, पण बसून पोळ्या लाटायला मदत करता येते. माझ्या पोळ्या गोल येतात म्हणून तिथल्या एका सरदारणीने मला अर्धा तास उठूच दिलं नाही.

आता ज्याचे गुडघे दुखतात, किंवा दोघांपैकी एकाला गर्दीची मनापासून भीती आहे, त्यांनी माझं ऐकू नये. जामा मशिदीच्या पायऱ्या उंच आहेत, गल्ल्यांमध्ये बसायला जागा नाही, आणि बायकांना स्वच्छतागृह शोधायचं म्हणजे मेट्रो स्टेशन गाठणं बरं. अशांनी गाडी करावी, युद्ध स्मारक, प्रधानमंत्री संग्रहालय, लोधी गार्डन, हुमायूनची कबर असं सावकाश बघावं. हुमायूनची कबर ना जुन्यात ना नव्यात, दोघांच्याही आधीची. पण तिथल्या बागेत संध्याकाळी नुसतं बसून राहणं हे दोघांच्या सहलीत हवंच. राजधानीने निजामुद्दीनला उतरलात तर स्टेशनपासून जवळच आहे.

बहिणीला शेवटी जे सांगितलं ते असं: चारही रात्री राजीव चौकाच्या आसपास. दोन सकाळी जुन्या दिल्लीच्या, सातला बाहेर. एक दिवस कर्तव्य पथ आणि राष्ट्रीय संग्रहालय (मोहेंजोदडोची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे, घाईत नजरेतून सुटते). एक दिवस कुतुब आणि हुमायून. मेट्रोचं तीन दिवसांचं पर्यटक कार्ड मिळतं. सोमवार दिल्लीत दाखल होण्याचा ठेवा, कारण त्या दिवशी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रपती भवन, सगळंच बंद. सोमवारी दुपारी जंतरमंतर आणि कॅनॉट प्लेसच करा. जामा मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना बाहेर काढतात, तेव्हा शुक्रवार दुपार टाळा. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुक्याने गाड्या-विमानं रखडतात आणि २६ जानेवारीच्या आधी कर्तव्य पथावर अडथळेच अडथळे, म्हणून फेब्रुवारी तिने बरोबर निवडलाय.

ती म्हणाली, "आणि खारी बावलीतून काय आणू?" हिंग आण, पण शेवटच्या सकाळी घे आणि दोन डब्यांत बंद कर. आम्ही पहिल्याच दिवशी घेतला होता. त्या बिनखिडकीच्या खोलीत तीन रात्री आम्ही दोघं फोडणीत झोपलो.