फायबरचं बॉनेट: उचलावं, कापावं की रेडिएटरपुढे डक्ट बसवावा?

इंजिन तापत असेल तर तापमानाचा काटा कधी चढतो ते आधी बघा. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा गावातल्या गर्दीत चढत असेल, तर दोष बहुधा पंखा आणि श्राउडचा (पंख्याभोवतीच्या कवचाचा). धुळे-सोलापूर हायवेवर ८० च्या वेगात चढत असेल, तर रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नाही, किंवा गेलेली बाहेर निघत नाही. रेडिएटरच्या जाळीत बसलेली काळ्या मातीची धूळ आणि कापूस मागून पुढे पाणी मारून काढा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची कॅप तपासा. एवढ्यावर भागलं तर फायबरला हात लावू नका.

बॉनेटची मागची बाजू वॉशर टाकून उचलणं सगळ्यात स्वस्त. उभ्या गाडीतली गरम हवा त्यातून निघते. पण वेगात काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो, त्यामुळे हवा तिथून बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते. हायवेवाल्यांनी हा नाद सोडावा.

गरम हवा निघायला बॉनेटमध्ये जाळी कापायची तर रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात. दाब तिथे कमी असतो. आधी लोकरीचे धागे चिकटवून गाडी पळवा आणि हवा कशी वाहते ते शेजारच्या गाडीतून बघा. कापण्याच्या रेषेवर मास्किंग टेप लावा, कोपरे गोल ठेवा. काटकोनी कोपऱ्यातून तडा हमखास जातो. आतल्या बरगड्या कापल्या तर बॉनेट वेगात फडफडतं. उघड्या कडांना रेझिन (फायबरचे धागे घट्ट धरणारा द्रव) लावा, नाहीतर पावसाळ्यात पाणी फायबरच्या धाग्यांमध्ये मुरतं. इग्निशनच्या वायरिंगवर पाणी पडत असेल तर खाली पन्हळ हवीच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. कापण्याआधी आरटीओत विचारा, मूळ बॉनेट जपून ठेवा.

हायवेच्या तक्रारीवर आमची पहिली पसंती डक्टला, म्हणजे ग्रिलमधली हवा थेट रेडिएटरकडे नेणाऱ्या बंदिस्त वाटेला. हवा सोपी वाट शोधते. ग्रिल आणि रेडिएटर यांच्यात फट असली की ती बाजूने निसटते. पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून बघा, मगच फायबर करा. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या फायबरच्या पत्र्याला ४५० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) काचेच्या धाग्यांच्या मॅटचे ३ थर पुरतात: मॅट साधारण १६० ग्रॅम, पॉलिस्टर रेझिन ४०० ग्रॅम, जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास. हार्डनर १ टक्का, म्हणजे ४ ग्रॅम. मे महिन्यात दुपारी हेच मिश्रण डब्यातच घट्ट होतं, म्हणून काम पहाटे आणि २०० ग्रॅमच्या घाण्यांत करा. घट्ट होत नाही म्हणून हार्डनर वाढवत गेलात तर पत्रा तापून वाकतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं रसायन) वेगळा मिळाला तर आधी तो रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. घासताना मास्क आणि गॉगल.

साधं पॉलिस्टर ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. रेडिएटरच्या पुढे ते चालतं. मागच्या श्राउडला मात्र व्हिनाइल एस्टर रेझिन किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. पंख्याच्या पात्याभोवती १० ते १२ मिलिमीटर मोकळं सोडा, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. डक्टच्या कडेला दरवाज्याची रबर बीडिंग लावा. फायबर थेट रेडिएटरला टेकलं तर जाळी घासून गळती सुरू होते.