गारगोटी म्युझियम, सिन्नर: दगड बघायला गेलो, डोकं चालू झालं

नाशिककडे जाणार असाल तर सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी म्युझियम चुकवू नका, खनिजांचं कलेक्शन आहे आणि खरंच भारी आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट नावाचं खनिज बघाच, स्टिल्बाइट या दुसऱ्या पांढऱ्या खनिजावर गडद निळे काटेरी गोळे, कुणीतरी रंगवून चिकटवलेत असंच वाटतं. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, मग झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजं आत साचत गेली आणि हे स्फटिक झाले, कुणी बघायला नसताना! मी तिथं बराच वेळ थांबलो, डोक्यात एकच चालू की याच दगडात माणसांनी अजिंठा कोरला, वेरूळ कोरलं, मग सुंदर म्हणजे कुणी मुद्दाम घडवलेलंच का? बायकोचं म्हणणं वेगळं, ती म्हणाली कुणीतरी निवडून, लाइट लावून मांडलं म्हणून आपण थांबून बघतोय, नाहीतर खडी म्हणून क्रशरलाच गेलं असतं. तेही पटलं, गाडीत बसेपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

मुलांना नक्की न्या, फक्त घाईत नको. आणि वेळ असेल तर त्याच दिवशी पांडवलेणी पण करा, तोच दगड आहे.