बाल न्याय मंडळातला मोफत वकील: सेवा कशी आहे?

गुन्ह्याचा आरोप असलेल्या 18 वर्षांखालील मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळात चालतात. तिथे विधी सेवा प्राधिकरणाचा (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) वकील मुलाला उत्पन्नाचा दाखला न मागता मिळतो, ही मोठी जमेची बाजू. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्यांतली एक तरी महिला.

घोडं अडतं वयाच्या पुराव्यावर. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी, नाहीतर पालिकेचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. नवखा वकील थेट तपासणीला होकार देतो, ही गंभीर चूक. तिच्यात 2 वर्षं इकडेतिकडे होतात, आणि 17 वर्षांचं पोर 19चं ठरतं!

परिविक्षा अधिकाऱ्याचा (मुलाच्या घरची परिस्थिती तपासून मंडळाला कळवणाऱ्या अधिकाऱ्याचा) सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत यायला हवा. चांगला वकील त्याआधीच शाळेचं नाव, सांभाळणाऱ्या आत्याचा पत्ता त्यांच्या हाती देतो.